गोट्यांची वर्तुळे

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे नाव सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असते. पण नागपूर जिल्ह्यातही मोठ्या गोट्यांची वर्तुळे शेकड्यांनी आहेत आणि ती आमच्या हिंगणा तालुक्यातही सापडली आहेत, हे सांगितले की घरची नातवंडेसुद्धा आश्चर्याने बघतात!

स्टोनहेंज यांच्याहून बरेच जुने. त्याचा आणि आपल्या वर्तुळांचा काही संबंध नाही. आपली वर्तुळे म्हणजे साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची दफने. मोठे गोटे गोल मांडायचे, आत मृताचे अवशेष आणि त्याच्या वस्तू ठेवायच्या, वरून दगडमाती भरायची, अशी ती रीत. अभ्यासक यांना शिळावर्तुळे म्हणतात.

बुटीबोरीजवळचे टाकळघाट आज कारखान्यांमुळे सर्वांना माहीत आहे. तिथे आणि जवळच्या खापा येथे १९६८-६९ मध्ये डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. टाकळघाटला राहती वस्ती मिळाली, खाप्याला शिळावर्तुळे. म्हणजे जिवंत माणसांचे गाव एकीकडे आणि मेलेल्यांचे दुसरीकडे! लोखंडी हत्यारे निघाली, काळी-तांबडी मडकी निघाली. मडके भट्टीत पालथे ठेवले की आतल्या बाजूला आणि काठाला हवा लागत नाही, तो भाग काळा राहतो, बाहेरचा तांबडा होतो, असे त्याचे कारण सांगतात. माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडेही पुरलेले सापडले, तांब्याच्या दागिन्यांसकट. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. आपल्या भागातले हे लोक चांगले कारागीर होते, यात शंका नाही.

काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची वर्तुळे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जगापुढे आणली. तिथल्या काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. मृतासाठी दगड उभारण्याची रीत मात्र पुरती गेलेली नाही. भामरागडकडचे माडिया गोंड आणि मेघालयातले खासी यांच्यात ती आढळते.

मंडळी, या लोकांनी आपल्यासाठी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. कोणती वस्तू कुठे, कोणाच्या शेजारी, किती खोल मिळाली, एवढाच त्यांचा लेख. शेत साफ करताना गोटे उचलून धुऱ्यावर टाकले किंवा प्लॉट पाडताना जमीन सपाट केली की तो लेख पुसला गेला. गोटे नंतर परत आणून गोल मांडले, तरी तो वाचता येत नाही. कागदावरचा इतिहास जळाला तर कुठेतरी नक्कल तरी असते. याची नक्कल नाही.

म्हणून एवढेच सांगणे. तुमच्या किंवा नातलगांच्या शेतात मोठे गोटे गोलाकार रुतलेले दिसले तर ते हलवू नका, खणून पाहू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. नातवंडांना मात्र दाखवायला जरूर न्या. स्टोनहेंजचे तिकीट पुढे कधीतरी काढता येईल!