अर्नशॉचं ‘नाही’ आणि पॉलचा सापळा

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदराकडे येताना डाव्या हाताला ट्रॉम्बेच्या टेकड्या दिसतात. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, १९५४ साली वेगळ्या नावाने सुरू झालेलं आणि १९६७ पासून भाभांचं नाव लावणारं. अणुभट्ट्या सगळ्यांना ठाऊक असतात. पण तिथे आयनांच्या सापळ्यावरही काम झालंय, हे फारसं कुणी सांगत नाही.

हा सापळा समजून घ्यायचा तर आधी एक जुना नकार समजून घ्यावा लागतो.

आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. भार आहे म्हणजे ओढता-ढकलता येतो. मग चहूबाजूंनी भार मांडून त्याला मधोमध कोंडता येईल ना? इंग्लंडच्या सॅम्युएल अर्नशॉने १८४२ मध्ये गणिताने दाखवलं, की नाही येणार. दोन दिशांनी आयनला आत ढकललंत, तर तिसऱ्या दिशेने तो निसटणारच. घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवून बघा. पुढे-मागे चढ असतो, पण बाजूला उतार. गोटी तिकडून घरंगळते.

यावर शंभरहून अधिक वर्षांनी, १९५० च्या दशकात, बॉनच्या वोल्फगांग पॉलने तोड काढली. अर्नशॉचा नियम स्थिर भारांसाठी आहे. मग क्षेत्र स्थिर ठेवायचंच कशाला? पॉलने ते सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केलं. खोगीर योग्य वेगाने फिरवत ठेवलं, की गोटी घसरायच्या आत उताराच्या जागी चढ येतो! आयन जागच्या जागी थरथरतो. मध्यापासून दूर क्षेत्र जास्त जोरकस असतं आणि थरथरताना आयन बाहेरच्या टोकाला असतो तेव्हाच ते त्याला आत ढकलतं. गोळाबेरीज आतल्या बाजूची. पॉलने असं फिरतं खोगीर खरोखरच करून दाखवलं होतं.

१९८० मध्ये हायडेलबर्गला बेरियमच्या एकट्या आयनचा फोटो निघाला. १९८९ चं नोबेल पॉल, डेमेल्ट आणि रॅमसे यांना मिळालं. आज पुण्याच्या आयुकामध्ये असाच यटर्बियमचा आयन पकडून अतिअचूक घड्याळ करण्याचं काम चाललंय.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पॉलने अर्नशॉला खोटं पाडलं नाही. नियम आजही तितकाच खरा आहे. त्याने फक्त नियमातली अट नीट वाचली. आपल्याकडे मात्र परीक्षेत नियम विचारतात आणि अट लिहिली नाही तर अर्धा मार्क कापतात. ती अट कुठे मोडता येईल, असं किती मास्तर विचारतात? सापळ्याची वाट तर तिथूनच सुरू होते.