लोणार सरोवराची परिसंस्था

लोणार सरोवराची परिसंस्था ही महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्ट खडकातील उल्काघाती विवरात विकसित झालेली जलीय परिसंस्था आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.

अजैविक घटक
सरोवरातून पाणी बाहेर नेणारा प्रवाह नाही. बाष्पीभवनाने पाणी घटते व क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट व अल्कधर्मी असते.

जैविक घटक
नीलहरित जीवाणू प्रकाशसंश्लेषणाद्वारे अन्न तयार करतात, म्हणून ते येथील प्रमुख उत्पादक होत. इतर जीवाणू मृत अवशेषांचे विघटन करतात. पोषण, श्वसन, वाढ, प्रजनन व चेतनाक्षमता ही सजीवांची लक्षणे या एकपेशीय जीवांतही दिसतात. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षारता वाढली, तेव्हा लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे सरोवर गुलाबी झाले होते.

संवर्धन
२०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गोडे पाणी वा सांडपाणी अधिक प्रमाणात मिसळल्यास क्षारता घटते आणि क्षारतेवरच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अधिवास धोक्यात येतो. म्हणून येथे पाण्याची शुद्धता राखण्याइतकेच त्याचे खारेपण टिकवणेही आवश्यक ठरते.