समुदायव्यापी पालक-साहाय्य

केवळ अडचणीतल्या कुटुंबांना न निवडता गावातील वा तालुक्यातील सर्वच पालकांपर्यंत बालसंगोपनाचे मार्गदर्शन स्थानिक प्रशिक्षित व्यक्तींमार्फत नेण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियात मॅट सँडर्स यांनी विकसित केलेला ‘ट्रिपल पी’ हा तिचा परिचित नमुना. त्यात शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, समुपदेशक यांना प्रशिक्षण देतात.

महाराष्ट्रात हे काम अंगणवाडीताईकडे आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मातांची संगोपन-क्षमता वाढवणे हे उद्दिष्ट होतेच. प्रत्यक्षात वजनकाटा, पोषण आहार आणि रजिस्टरे यांनीच अंगणवाडीताईचा दिवस व्यापला. ‘आरंभ’ उपक्रमाने बाळाशी बोलणे, खेळणे, त्याला प्रतिसाद देणे यांकडे लक्ष वळवले. महिला व बालविकास विभागाने युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या साहाय्याने तो राबवला. गृहभेट आणि पालक मेळावा ही त्याची दोन अंगे. मेळाव्यात भाषणाऐवजी आईबाप मुलांसह खेळ करतात. बापांना आणि आजीआजोबांनाही बोलावले जाते. घरात मूल प्रत्यक्षात कोण सांभाळते, हे ओळखणारी ही बाजू सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

शाहूवाडीसारख्या तालुक्यात पद्धतीची खरी कसोटी लागते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीलगतचा हा अतिपावसाचा भाग. विशाळगड, आंबा घाट परिसरातील वाड्या-वस्त्या, धनगरवाडे विखुरलेले; मलकापूर, बांबवडे ही बाजाराची गावे अनेकांना दूर पडतात. तालुक्याच्या ठिकाणी बसलेला तज्ज्ञ येथे सर्व घरे गाठू शकत नाही. वाडीतलीच सेविका गाठते, कारण उंबऱ्याच्या आत तिची ओळख आधीपासून असते. हीच ओळख कधी आडही येते: मारहाण, व्यसन यांसारख्या गोष्टी शेजारणीपुढे बोलायला बाई धजत नाही. तेव्हा बाहेरच्या व्यक्तीची गरज भासते.

अंगणवाडी सेविकेच्या जोडीला ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्ती असते. ‘लहान बालकांची गृह आधारित काळजी’ या २०१८च्या कार्यक्रमात ती तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत पाच भेटी देते. त्या पूर्ण केल्यावर एका बाळामागे २५० रुपये मिळतात. मोबदल्याचा हा प्रश्न दुय्यम नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी मानधनवाढ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी संप केला. त्यानंतर केंद्राने मार्च २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ आराखडा जाहीर केला. त्यातील महिनावार खेळ-कृती घरोघरी दाखवण्याचे कामही सेविकेकडेच आले.