तळटीप : लूणीचे पाणी
१४. लूणीकाठच्या हिरव्या शेतांचे वर्णन वाचून नदी बारमाही असावी असे वाटेल; ती तशी नाही. अजमेरजवळ अरवलीत उगम पावून सुमारे ४९५ किलोमीटर वाहत ती कच्छच्या रणात जिरते, आणि वर्षातले बहुतेक महिने तिच्या पात्रात नुसती वाळू असते. पुराचे पाणी त्या वाळूत मुरते, काठच्या विहिरींना लागते, आणि त्यावर शेती होते. बालोतऱ्याच्या खाली तेही खारट. साठवणीची मुख्य भिस्त जवाई धरणावर (१९५७ साली पूर्ण). एके काळी त्याचे पाणी थेट जोधपूरपर्यंत जाई. २०२२च्या उन्हाळ्यात धरण आटले तेव्हा उलट जोधपूरहून पालीला रेल्वेने पाणी पाठवावे लागले. जोधपूरकडे ते होते, कारण इंदिरा गांधी कालव्याचे सतलज-बियासचे पाणी आता तिथवर पोहोचते. म्हणजे लूणीच्या खोऱ्याची तहान हिमालयाने भागवली! पालीजवळच्या बांडी या उपनदीत भर उन्हाळ्यात प्रवाह दिसला, तर मात्र हुरळून जाऊ नये. तो बराचसा कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी असतो.