घराला पडवी, देवाला सभामंडप

गावात नवे घर बांधणारे थोडे, असलेले घर वाढविणारे पुष्कळ. मुलाचे लग्न ठरले, भाताची कणगी ठेवावयास जागा उरली नाही, गुरांची दावण पावसात भिजू लागली, की घरधनी जुन्या भिंतीला धरून चार मेढी उभ्या करतो आणि पडवी काढतो. देवाचेही असेच आहे. मूळ देऊळ म्हणजे गाभारा आणि त्यापुढे चार माणसे बसतील एवढी जागा. पुढे वस्ती वाढते, सप्ताह बसतो, भजनाला आसपासच्या वाड्यांतील मंडळी येऊ लागतात, आणि एखाद्या वर्षी भरली पंगत पावसाने उठवावी लागली म्हणजे सभामंडपाचा विषय निघतो. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ही स्मरणिका निघत असताना, जुन्या वास्तूला नवे जोडण्याचे काम या मुलखात कसकसे होत आले, त्यात कोणती विघ्ने आली आणि ती कोणी निस्तरली, याची हकीगत ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे ठेवणे उचित होईल.

कर्जत–मुरबाड रस्त्यावरील कशेळे हे आसपासच्या खेड्यापाड्यांचे नाक्याचे गाव. येथून एक वाट आंबिवलीवरून कोथळीगडाकडे जाते, दुसरी खांडसवरून भीमाशंकरच्या घाटाला लागते. डोंगर जवळ असल्याने घराचे सामानही डोंगरातूनच येई. मेढी आणि तुळया साग वा ऐनाच्या, आणि भिंती कारवीच्या कुडाच्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून गेली की वाळते. मग तिच्या सरळ काठ्या तोडून आणावयाच्या, उभ्या-आडव्या बांधावयाच्या आणि शेणमातीने लिंपून घ्यावयाच्या. ठाकर व कातकरी वाड्यांवर अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. अशा घराला खोली जोडणे हा दोन दिवसांचा मामला असे. भावकी येई, हात लावी, संध्याकाळी जेवून जाई. त्यात गवंडी नव्हता, मक्तेदार नव्हता आणि म्हणून भांडणही नव्हते. भिंत कुडाची आणि छप्पर पेंढ्याचे, तेव्हा जोड फुटला तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंपता येई.

अडचण सुरू झाली ती सामान बाहेरून येऊ लागल्यावर. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथील चपटी, खाचेची कौले हळूहळू कोकणभर पसरली. कौल आले म्हणजे छपराला ठराविक उतार हवा, वाशांचे अंतर नेमके हवे, रिपा एका मापाच्या हव्यात. विटा आल्या तसा गवंडी आला. गवंड्यामागून उचल आली. घरमालकाने पैसे द्यावयाचे आणि काम दुसऱ्याने करावयाचे, असा व्यवहार सुरू झाला.

त्यातच येथला हंगाम कसा आहे पाहा. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बांधकामाला मोकळे दिवस म्हणजे भात झोडून झाल्यापासून मृगापर्यंतचे सहा महिने. पण नेमके तेव्हाच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली असतात. उरलेल्या दिवसांतून शिमगा वजा करा, लग्नसराई वजा करा. चैत्र उजाडल्यावर विहिरींचे पाणी खाली जाते आणि विटा भिजवावयास पाणी मिळत नाही. अक्षय्य तृतीयेला भिंती कमरेइतक्या असल्या की घरधन्याची झोप उडते. ज्याने घर वाढविले आहे त्याला हे सांगावे लागत नाही.

आणि सर्वांत दगा देते ती जुन्या-नव्याच्या सांध्याची जागा. जुन्या घराचा पाया वर्षानुवर्षे दबून बसलेला असतो. नवा पाया भरल्यानंतर तोही आपल्या वजनाने थोडा खचतो. दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट गुंफल्या तर नवी भिंत बसताना जुनीला ओढते आणि तिरकी चीर पडते. म्हणून जाणता गवंडी दोन्हींमध्ये उभी फट सोडतो आणि वरून ती झाकतो. छपराचेही तेच. जुन्या कौलांची पागोळी आणि नव्या कौलांचा उतार जेथे भेटतात तेथे पन्हळ हवी, तीही रुंद. एखाद्या बोटभर चुकीने सारी पडवी आषाढात गळते. घर गळते ते बहुधा जोडावर, पण बांधताना सर्वांचे लक्ष दर्शनी भिंतीवर!

कशेळ्यावरून शिवरात्रीला ज्या भीमाशंकराकडे यात्रेकरू चालत जातात, त्या देवळाची हकीगत या संदर्भात बोलकी आहे. ते देऊळ एकाच वेळी, एकाच हाताने बांधलेले नाही. गाभाऱ्याची घडण जुन्या, हेमाडपंती म्हणविल्या जाणाऱ्या पद्धतीची. बाहेरच्या सभामंडपाच्या बांधणीशी चिमणाजी अंताजी नाईक भिंडे या पुण्याच्या सावकाराचे नाव जोडलेले आहे. पुढे नाना फडणविसांनी येथे काम काढले. तेथवर चुना, सुतार, पाथरवट आणि त्यांचा शिधा घेऊन जाणे म्हणजे काय, हे ज्याने शिडीघाट चढला आहे त्यालाच कळेल. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. राज्याचा तो आधार गेला, पुण्यात धामधूम माजली. असे असता शिखराचे काम अपुरे पडून राहिले असते तर कोणी दोष दिला नसता. नानांच्या पत्नीने ते तडीस नेले. देवळाला जोडलेल्या कामात सुरुवात करणाऱ्याचे नाव राहते, पुरे करणाऱ्याचे बहुधा मागे पडते. म्हणून येथे ते मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

पेशव्यांचे स्वतःचे घरही वाढत वाढत मोठे झाले. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. तोवरचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. सागवान जुन्नरच्या जंगलातले, दगड चिंचवडच्या खाणीचा, चुना जेजुरीचा. नंतर भोवतालची तटबंदी व इतर इमारती पुढच्या पिढ्यांनी जोडल्या. थोरल्या बाजीरावांसारखा सतत मोहिमेवर असणारा मालक, तरी घराच्या खर्चाचा आकडा मागे राहिला, यात कारकुनांचे श्रेय मोठे आहे.

मक्तेदारीचा सर्वांत मोठा धडा मात्र कर्जत–खालापूरच्याच डोंगरात गिरविला गेला. तो घराचा नव्हे, बोरघाटातल्या रेल्वेचा. पण मक्ता कसा बिघडतो आणि कसा सावरतो हे त्याइतके दुसरीकडे दिसत नाही. मुंबईकडून आलेला लोहमार्ग घाटमाथ्यावर नेऊन पुढच्या मार्गाला जोडावयाचा होता. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी आखणी केली. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. विल्यम फेव्हिएल या विलायती मक्तेदाराने मक्ता घेतला आणि १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. त्याने ते पोटमक्तेदारांत वाटले. पोटमक्तेदारांकडे मजुरी थकली. १८५९ च्या आरंभी मजुरांनी दंगा केला आणि त्याची चौकशी झाली. त्याच वर्षी फेव्हिएलने मक्ता सोडला. अर्धे पोखरलेले डोंगर तसेच उभे राहिले.

कंपनीपुढे प्रश्न पडला, नवा मक्तेदार येईपर्यंत काय करावे? कंपनीने काम थांबविले नाही. आपलेच इंजिनिअर उभे करून काही महिने ते स्वतः चालविले. नोव्हेंबर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल मक्ता घेऊन आला आणि मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. परक्या देशात त्याची पत्नी ॲलिस एकटी उरली. मक्ता परत करून मायदेशी जाणे तिला सहज शक्य होते. तिने तो स्वतःच्या नावाने पुढे चालविला, आणि देखरेखीस ॲडमसन व क्लाउझर हे दोन इंजिनिअर नेमले. हे दोघे कोणी नवखे नव्हते. मधल्या काळात कंपनीच्या वतीने घाटात काम पाहिलेले तेच होते. कोणता डोंगर ठिसूळ, कोणता मुकादम खरा, हे त्यांना ठाऊक होते. १८६१ साली या कामावर एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत माणसे होती. पटकीसारख्या साथींनी त्यांतली किती दगावली, त्यांच्या नावाची पाटी घाटात कोठे नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला.

तरी घाईचे बांधकाम पुढे बोललेच. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला महू की मल्ली येथील पूल कोसळला. कारण शोधता दगडी बांधकाम कच्चे निघाले. वरून घडीव दगड आणि आत निकृष्ट भर, हा प्रकार रेल्वेच्या पुलात झाला तसा गावच्या भिंतीतही होतो. फरक इतकाच की गावची भिंत कोसळल्यास चौकशीला इंजिनिअर येत नाही.

स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांतल्या देवळांना सिमेंटचे सभामंडप जोडले जाऊ लागले. त्या काळची अडचण आजच्या तरुणांना सांगूनही पटणार नाही. सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते. पैसे हाती असूनही परवाना लागे, आणि तो मिळेपर्यंत तालुक्याच्या कचेरीचे हेलपाटे घालावे लागत. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, १९८९ साली पूर्ण उठले. (त्याआधी, १९८१ साली, आपला कुलाबा जिल्हा रायगड झाला.) तोवर अनेक मंडपांचे खांब एका वर्षी आणि स्लॅब तिसऱ्या वर्षी अशी गत होती. मधल्या पावसाळ्यांत उघड्या सळ्या गंजत आणि राखून ठेवलेल्या पोत्यांतले सिमेंट दमट हवेने दगड होऊन बसे. त्या काळच्या मंडपांतून छताचे पापुद्रे सुटतात, आत तांबूस सळई दिसते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे आहे. तेव्हाच्या मंडळींना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी जे मिळाले त्यात केले.

आज सिमेंट दुकानात मिळते. आता अडते ते दुसरीकडे. ठेकेदाराने एकाच हंगामात चार कामे धरलेली असतात. उचल घेतल्यावर त्याची माणसे आठवडाभर दिसतात, मग पुढच्या गावी जातात. सारे काम उक्ते द्यावे तर मालात कस राहत नाही. नुसती मजुरी ठरवून माल आपण आणावा तर रेती-खडीचा ब्रास मोजून घेणारा, पोती मोजणारा, स्लॅबवर रोज पाणी मारणारा माणूस गावातून द्यावा लागतो. सार्वजनिक कामाला हा माणूस मिळणे हीच मोठी देणगी होय. पावतीपुस्तकात तिचा आकडा येत नाही. ज्या गावांनी पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे दिले (जोत्याला इतके, खांबाला इतके, स्लॅबनंतर इतके, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहून), त्यांची कामे उशिरा का होईना, पुरी झालेली दिसतात. ज्यांनी विश्वासावर सारी रक्कम आधी मोजली त्यांच्या मंडपाला झावळ्यांचा आडोसा करावा लागला.

घराच्या पडवीत आणि देवाच्या मंडपात एक मोठा फरक आहे. पडवी अर्धी राहिली तरी घरातली माणसे माजघरात झोपतात. जीर्णोद्धारात मात्र गाभाऱ्यालाच हात लावावयाचा झाल्यास विधिपूर्वक देवाचे तत्त्व कलशात घेतात आणि पूजा तात्पुरत्या जागी चालते. काम लांबले म्हणजे देव तितके दिवस घराबाहेर. म्हणूनच जुनी मंडळी आधी पैसा, मग माल, मग मुहूर्त असा क्रम धरीत. तो उलटला की घाई होते, आणि घाईत जो खांब उभा राहतो त्याच्या पायाचा खड्डा मुरुमापर्यंत गेला की नाही हे पाहावयास कोणाला सवड नसते.

मंडप उभा राहिल्यावरही काम राहतेच. जुने देऊळ आणि नवा मंडप यांच्या मधल्या पन्हळीत वर्षभराचा पालापाचोळा साठतो. पिंपळाचे बी पक्षी आणून टाकतात. सांध्यात रुजलेले ते रोप बोटभर असताना हाताने निघते, दोन पावसाळे गेले की छिन्नी लागते, आणि त्यानंतर भिंत उकलावी लागते. पूर्वी गावोगावी मृगाच्या आधी कौले शाकारावयास माणूस छपरावर चढे, तोच देवळाची पन्हळही साफ करी. कौले गेली, स्लॅब आली, आणि वर चढण्याची ती चाल मोडली. पन्हळ मात्र तेथेच आहे, आणि तिच्यासाठी मेच्या अखेरीस शिडी लावावीच लागते.