लिंपण आणि सांधा : दंतसिमेंटांच्या इतिहासातील एक स्थित्यंतर

मुलाची दुधाची दुसरी दाढ अकाली काढावी लागली, तर तिची जागा मोकळी राहत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवलेली कायमची दाढ पुढे सरकते आणि दहाव्या-बाराव्या वर्षी यावयाच्या उपदाढेची वाट अडते. म्हणून दंतवैद्य त्या कायमच्या दाढेभोवती पोलादी पट्टी बसवून तिला तारेचा फास जोडतात. या साधनास ‘स्पेस मेंटेनर’ म्हणतात. त्याची सारी भिस्त पट्टीखालील सिमेंटच्या पातळ थरावर असते. हा थर निकामी झाला, तर एका दाताची जागा राखताना दुसऱ्याच दाढेची हानी संभवते.

पट्टी सिमेंटने बसविण्याच्या क्रियेस दंतवैद्यकात ‘ल्यूटिंग’ अशी संज्ञा आहे. तिचे मूळ ‘ल्यूटम’, म्हणजे चिखल, या लॅटिन शब्दात आहे. मराठीतील ‘लिंपण’ हा शब्द अर्थाने तिच्या निकटचा होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आलेल्या झिंक फॉस्फेट सिमेंटास ही संज्ञा तंतोतंत लागू पडते. झिंक ऑक्साइडची पूड फॉस्फरिक आम्लाच्या द्रावात थंड काचेवर थोडी थोडी मिसळून ते घोटले जाते. घट्ट झाल्यावर ते पृष्ठभागांच्या सूक्ष्म खाचांत अडकून बसते. दाताशी त्याचा रासायनिक बंध जडत नाही. लाळेत ते हळूहळू विरघळते आणि पट्टी वरून जागच्या जागी दिसत असतानाच तिच्याखालील दंतवल्क किडू शकते.

या कल्पनेस पहिला छेद मँचेस्टर येथील डेनिस स्मिथ यांनी दिला. १९६८ मध्ये त्यांनी मांडलेल्या पॉलिकार्बॉक्सिलेट सिमेंटात फॉस्फरिक आम्लाऐवजी पॉलिॲक्रिलिक आम्ल होते, आणि ते दातातील कॅल्शियमशी बंध साधू शकत होते. लंडनच्या शासकीय रसायन प्रयोगशाळेतील ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी पुढे झिंक ऑक्साइडच्या जागी फ्लुओराइडयुक्त काचेची पूड योजिली. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत प्रसिद्ध झालेले हे ग्लास आयोनोमर सिमेंट दातास चिकटते आणि फ्लुओराइडही सोडीत राहते.

येथे तुलनेचा निकषच पालटला. पट्टी किती बलाने निघते, एवढाच प्रश्न पुरेसा राहिला नाही. ती निघताना सांधा कोठे तुटतो, हेही पाहिले जाऊ लागले. झिंक फॉस्फेट बहुधा दातापासून सुटते व दंतवल्क उघडे पडते. ग्लास आयोनोमर बहुधा पोलादापासून सुटते. त्याचा थर दातावर राहून त्यास काही काळ संरक्षण देतो.

तथापि नवे सिमेंट निर्दोष नव्हे. घट्ट होण्याच्या आरंभी त्यास ओलावा बाधतो, आणि लहान मुलाचे तोंड कोरडे ठेवणे कठीण असते. १९८० नंतरच्या दशकाअखेर राळमिश्रित प्रकार आले, ते ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठीच. सिमेंट कोणतेही असो, नियमित तपासणी टळत नाही. सिमेंटाची खरी परीक्षा त्याच्या पकडीइतकीच, पकड सुटल्यावर मागे उरणाऱ्या दाताच्या स्थितीवरूनही करावयास हवी.