भुलेश्वराचा डोंगर आणि दौलतमंगळ किल्ला

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत गाव आले की दक्षिणेस डोंगरमाथ्यावर श्रीभुलेश्वराचे स्थान दिसते. महसुली दप्तरात हे ठिकाण पुरंदर तालुक्यातील मौजे माळशिरसच्या हद्दीत मोडते. परंतु श्रावणी सोमवारी डोंगर चढणाऱ्यांत दौंड व भीमेपलीकडील शिरूर भागातील भाविकही असतात. दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात येते की, आपण एका किल्ल्यात जाऊन आलो. त्या किल्ल्याचे नाव दौलतमंगळ, अथवा मंगळगड.

सिंहगडाकडून पूर्वेस आलेल्या डोंगररांगेला भुलेश्वराची रांग म्हणतात. तिच्या उत्तरेस मुळा-मुठा व भीमेचा सपाट मुलूख आणि दक्षिणेस कऱ्हेचे खोरे आहे. माथ्यावरून दोन्हीकडची वाट नजरेत राहते. म्हणूनच देवस्थान असलेल्या या जागेवर पुढे राज्यकर्त्यांची दृष्टी गेली.

मंदिर किल्ल्यापेक्षा सुमारे चारशे वर्षांनी जुने आहे. काळ्या पाषाणातील हे काम यादवकालीन, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातील मानले जाते. भिंतींवर युद्धप्रसंग, हत्ती, देवदेवता व सुरसुंदरी कोरलेल्या असून स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. अनेक मूर्ती आज भग्नावस्थेत आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास ही वास्तू प्रथम गढीच वाटते. अरुंद जिना चढून आत गेल्यावरच खरे वैभव दृष्टीस पडते.

इ. स. १६३० च्या सुमारास मोगल, निजामशाही व आदिलशाही यांच्या ओढाताणीत हा मुलूख होरपळून निघाला. त्यातच भीषण दुष्काळ पडला. विजापूरचा सरदार मुरार जगदेव याच्या फौजेने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे जाळले व त्यावर गाढवाचा नांगर फिरविला. पुण्याचे ठाणे उजाड केल्यावर या मुलखावर ताबा ठेवण्यासाठी त्याने भुलेश्वराच्या डोंगरावर तट-बुरूज उभारून दौलतमंगळ किल्ला वसविला. पुरातन मंदिर त्यामुळे तटाच्या आत आले. याच मुरारपंताने १६३३ साली भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीच्या भाराइतके दान केले व नागरगावाचे तुळापूर झाले, अशी परंपरा आहे. ज्याने एक गाव नांगरले, त्यानेच दुसऱ्या गावी तुळादान करावे, हा इतिहासातील विलक्षण योग होय.

परंतु दौलतमंगळाची दौलत फार काळ टिकली नाही. १६३५ मध्ये विजापूर दरबारातील कलहात मुरार जगदेव मारला गेला. पुढील वर्षी शहाजीराजे आदिलशाहीत गेले व पुणे-सुपे परगण्यांची व्यवस्था दादोजी कोंडदेवांकडे आली. मातोश्री जिजाबाई व बाल शिवाजीराजांच्या साक्षीने सोन्याचा नांगर फिरवून पुणे पुन्हा वसविले गेले, असे परंपरा सांगते. पुणे वसले, तसे दौलतमंगळचे महत्त्व ओसरले.

मंदिर मात्र राहिले. मराठेशाहीत त्याची डागडुजी होऊन शिखराचे चुनेगच्ची काम झाले. आज ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास २०१० च्या कायद्याने मनाई आहे. किल्ल्याचे मात्र बुरूज, तटाचे तुकडे व पाण्याची टाकी एवढेच अवशेष उरले आहेत. माथ्यापर्यंत गाडीरस्ता झाल्याने तटाजवळून जाऊनही ते न पाहता माणसे परततात.

यातून घेण्यासारखा बोध उघड आहे. सत्तेने उभारलेला तट सत्ता जाताच ओस पडला. गोरगरिबांच्या पायवाटेने जपलेले देऊळ शतकानुशतके टिकले. गावोगावी जीर्णोद्धाराची पुण्यकर्मे चालू असताना जुना घडीव दगड, वीरगळ वा भग्न मूर्ती निरुपयोगी समजून पायात गाडू नयेत, कोरीव कामावर तैलरंग फासू नये आणि डोंगरावरील तटाचा चिराही बांधाला आणू नये. दप्तरातील कागद गहाळ झाला तर कधी नक्कल तरी मिळते, पूर्वजांनी घडविलेल्या दगडाची नक्कल मिळत नाही. नव्या कळसाबरोबर जुना चिराही सांभाळण्याची सद्बुद्धी श्रीभुलेश्वर सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.